उपमा कुणावर चालवली?

पुण्यात जुन्या नाटकाच्या तालमीला जाऊन बसलं की एक दृश्य हमखास दिसतं. मांडीवर संहिता, हातात पेन्सिल आणि दिग्दर्शकाची काटछाट चालू. कारणं रास्तच असतात. प्रयोग दोन तासांत बसवायचाय, नाट्यगृहाची वेळ ठरलेली आहे, आजच्या नटाच्या जिभेवर ती भाषा पटकन बसत नाही. पण पेन्सिल पहिल्यांदा जिथे जाते ती जागाही ठरलेलीच असते. उपमा, रूपक, दृष्टान्त. ‘फार पल्लेदार झालंय, काढू या. गोष्ट पुढे जात नाहीये.’

तिकडे वर्गात याच ओळींना मान असतो, पण तो कसला? ‘अलंकार ओळखा.’ उपमेय कोणतं, उपमान कोणतं, साधारण धर्म काय, साम्यवाचक शब्द कोणता. चौकट भरली की गुण मिळाले. ते वाक्य कोण कुणाला म्हणतंय, त्या वेळी खोलीत आणखी कोण आहे, म्हणणाऱ्याला समोरच्याकडून काय हवंय, हे कुणी विचारत नाही. विचारायची गरजही वाटत नाही, कारण ओळ नाटकातून उचलून सुटी छापलेली असते.

तालमीतली पेन्सिल आणि परीक्षेतला प्रश्न एकमेकांविरुद्ध वाटतात, पण दोघांची समजूत एकच आहे: अलंकार म्हणजे वाक्यावर चढवलेला दागिना. एकाला तो जड वाटतो, दुसऱ्याला मोजावासा वाटतो. माझं म्हणणं असं की निदान शोकनाट्यापुरती ही समजूत साफ चुकीची आहे. चांगल्या शोकनाट्यात उपमा ही एका माणसाने दुसऱ्यावर केलेली कृती असते. कुणी तिने धमकावतो, कुणी गळ घालतो, कुणी उत्तर टाळतो, कुणी सूड घेतो. ती छाटलीत तर घटना छाटली जाते. प्रेक्षकाला मग कळत नाही की हा माणूस इथपर्यंत आला कसा.

संस्कृत नाटककार भवभूतीचं ‘उत्तररामचरित’ घ्या. (योगायोगाची गंमत म्हणून सांगतो: हार्वर्डच्या ग्रंथमालेत १९१५ साली या नाटकाचा इंग्रजी अनुवाद करणारे, भांडारकर संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेले पुण्याचे पंडित होते श्रीपाद कृष्ण बेलवलकर. बेलवलकर हे आडनाव पुढे मराठी रंगभूमीवर किती गाजणार होतं हे त्यांना काय ठाऊक!) पहिल्या अंकात दमलेली सीता रामाच्या बाहूवर डोकं ठेवून झोपलीय आणि राम म्हणतोय, ही माझ्या घरातली लक्ष्मी, ही डोळ्यांना अमृताची शलाका. हिचं काय प्रिय नाही मला? असह्य आहे तो फक्त हिचा विरह. श्लोक संपतो न संपतो तोच प्रतीहारी, म्हणजे द्वारपालिका, आत येऊन म्हणते, ‘देव, उपस्थितः’, म्हणजे आला. आला आहे तो रामाचा हेर दुर्मुख, लोकापवादाची बातमी घेऊन. पण प्रेक्षकाच्या कानात ‘विरह’ आणि ‘आला’ एकापाठोपाठ पडलेले असतात.

हा प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. मला त्याहून मोठा वाटतो तो तिसरा अंक. सीतेच्या त्यागाला बारा वर्षं उलटली आहेत. राम जनस्थानात परत आलाय आणि सीतेची मैत्रीण, वनदेवता वासंती, त्याला भेटते. सीता तिथेच आहे, पण अदृश्य. वासंती रामाला काय म्हणते? ‘त्वं जीवितं त्वमसि मे हृदयं द्वितीयं त्वं कौमुदी नयनयोरमृतं त्वमङ्गे...’ तू माझं जीवित, तू माझं दुसरं हृदय, तू डोळ्यांचं चांदणं, अंगावरचं अमृत. अशा शेकडो गोड बोलांनी त्या भोळीला भुलवून तिलाच तू... आणि वाक्य तुटतं. जाऊ दे, पुढे बोलून काय उपयोग, म्हणत वासंती मूर्च्छित होते.

आता या श्लोकातला अलंकार ओळखा! रूपकांची माळ, बरोबर उत्तर, पूर्ण गुण. पण इथे घडलंय काय? ही रूपकं वासंतीची नाहीत. ती रामाची आहेत, त्याने प्रेमात म्हटलेली. वासंती ती जशीच्या तशी उचलून त्याच्यासमोर ठेवते आणि प्रेमाचे शब्द आरोपपत्र होतात. शब्द तेच, उपमानं तीच, पण बोलणारा बदलला, वेळ बदलली आणि तोच मजकूर नेमका उलट काम करू लागला. आणि ऐकणारे दोघे-तिघे आहेत हे विसरू नका. रामाला जे लागतं ते सीतेलाही लागतं, पण वेगळ्या जागी. वासंती तिची बाजू घेऊन भांडतेय आणि सीतेला मात्र तिचा कठोरपणा सोसवत नाही. एका श्लोकात तीन माणसांचं तीन तऱ्हेने काहीतरी हललंय. हा श्लोक ‘काव्यमय आहे, पण नाट्य थांबतं’ म्हणून कापणाऱ्याला मी एवढंच विचारेन की त्या अंकातलं नाट्य मग कुठे शिल्लक राहिलं?

हीच चाल भवभूतीच्याही हजाराहून अधिक वर्षं आधी ग्रीक नाटककार सोफोक्लिसने ‘अँटिगनी’त खेळलीय. थीब्सचा राजा क्रेऑन गादीवर येतो तो नगरराज्याला जहाजाची उपमा देतच: वादळात हेलकावलेलं जहाज देवांनी पुन्हा सरळ केलंय, ते सरळ चाललं तरच आपण सगळे तरणार. उपमा साधी दिसते, पण तिच्यात एक मागणी दडलेली आहे. जहाजावर मतमोजणी नसते, सुकाणू एकाच्या हाती असतं. पुढे त्याचा हुकूम मोडून भावाला माती देणाऱ्या अँटिगनीला समोर उभं करून तो म्हणतो, आगीत फार कडक झालेलं लोखंडच आधी तडकतं, आणि उधळ्या घोड्यांना छोटासा लगामही वठणीवर आणतो. ही धमकी आहे. उपमेत गुंडाळल्यामुळे ती राजाला शोभेशी वाटते, इतकंच.

मग त्याचा मुलगा हेमॉन येतो. अँटिगनी त्याची वाग्दत्त वधू. त्याला बापाला अडवायचंय, पण बाप राजा आहे, सरळ ‘तुमचं चुकतंय’ म्हणता येत नाही. तो काय करतो? आधी पुराच्या कडेची झाडं दाखवतो: जी वाकतात त्यांच्या फांद्या वाचतात, जी ताठ राहतात ती मुळासकट जातात. आणि लगेच बापाचं जहाज बापाच्याच हातातून काढून घेतो. शिडाचा दोर कधीच ढिला न सोडणारा नाखवा अखेर उलटतो आणि उरलेला प्रवास बूड वर करून करतो. क्रेऑनच्या उपमेतून एकाधिकार निघत होता. हेमॉनने त्याच उपमेतून लवचीकता काढून दाखवली. राजकारणात समोरच्याची प्रतिमा खोडून काढता येत नाही तेव्हा ती आतून फिरवावी लागते, आणि हा तरुण पोरगा ते सभेत उभा राहून करतो. क्रेऑनला ते कळतंही. म्हणूनच तो जहाजाला उत्तर देत नाही, वयाचा मुद्दा काढतो: या वयात आम्ही या पोराकडून शिकायचं? युक्तिवाद हरला की वय काढायचं, ही पद्धत काही फक्त थीब्सची नाही, आमच्या पेठांमध्येही ती नांदते.

या नाटकाची एखादी आटोपशीर आवृत्ती करताना जहाज पहिल्या भाषणातून काढलं, लांबी कमी करण्यासाठी, तर हेमॉनचा नाखवा हा एक सुटा सुविचार होऊन बसतो. मुलाने बापाचा डाव परतवला हे प्रेक्षकाला कळायला मार्गच उरत नाही. कात्री एका जागी लागते आणि रक्त पाचशे ओळींनंतर येतं.

हे सांगायला परदेशी भाषाशास्त्र हवंच असंही नाही. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ‘गतोऽस्तमर्कः’, सूर्य मावळला, एवढ्याच वाक्याचे किती अर्थ होतात ते सांगितलंय. कुणाला त्यातून शत्रूवर चालून जायची वेळ झाली असं कळेल, कुणाला संकेतस्थळी निघायची, कुणाला संध्येला बसायची, कुणाला गाई गोठ्यात घ्यायची, कुणाला दुकान आवरायची. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजाचा हेल कसा, प्रसंग कोणता, जागा आणि वेळ कोणती, यावर ध्वनित अर्थ ठरतो, अशी यादीच तो देतो. लक्षणेच्या, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून दुसरा घेण्याच्या, मागे एकतर रूढी असते नाहीतर प्रयोजन असतं, हेही त्यानेच शिकवलंय. आम्ही पाठ्यपुस्तकात त्याच्या परंपरेतली अलंकारांची नावं तेवढी घेतली आणि प्रयोजन गाळलं. विसाव्या शतकात ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने बोलणं म्हणजेच करणं हा विचार मांडला. त्याची ती व्याख्यानं १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. पण त्यानेही रंगमंचावरचं बोलणं ‘पोकळ’ म्हणून बाजूला ठेवलं. नट रंगमंचावर लग्नाचं वचन देतो तेव्हा त्याचं लग्न होत नाही, हे खरंच आहे. मात्र पात्रापात्रांमध्ये त्या वचनाचं वजन पुरेपूर असतं, आणि शोकनाट्य त्या वजनावरच चालतं.

‘ऑथेल्लो’ मराठीत फार लवकर आलं. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर १८६७ चं, देवलांचा ‘झुंझारराव’ १८९० चा, आणि पुढे शिरवाडकरांनीही ते केलं. या नाटकात प्रतिमा रोगासारखी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. सुरुवातीला सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचा, त्याच्यावर डूख धरलेला इयागो रात्री ऑथेल्लोच्या सासऱ्याच्या, ब्रॅबँशिओच्या खिडकीखाली ओरडतो: तुझ्या पांढऱ्या मेंढीवर या घटकेला काळा एडका चढलाय. ही बातमी त्याला साध्या शब्दांत देता आली असती, मुलगी पळून गेली म्हणून. पण साध्या बातमीवर बाप विचार करेल. इयागोला विचार नकोय, घाण नजरेसमोर उभी करायचीय. पुढे ऑथेल्लोशी बोलताना हाच माणूस एकदम सभ्य होतो, अडखळतो, निम्मं बोलून थांबतो आणि मग सावध करतो: मत्सरापासून जपा, तो हिरव्या डोळ्यांचा राक्षस आहे. उपदेशाच्या रूपात त्याने राक्षस घरात आणून सोडला. पुरावा मागितल्यावर बोकडांची आणि माकडांची भाषा येते. आणि चौथ्या अंकात परक्या पाहुण्यासमोर बायकोवर हात उचलून झाल्यावर, बाहेर पडताना ऑथेल्लोच्या तोंडून काय निघतं? ‘बोकड आणि माकडं!’ ज्या माणसाची भाषा पहिल्या अंकात समुद्र, छावण्या, दूरदेशीच्या गुहा यांनी भरलेली होती, त्याच्या तोंडात आता इयागोची जनावरं आहेत. त्याचा पराभव झाला ती जागा हीच. बायकोच्या बेइमानीचा पुरावा म्हणून पुढे केलेला रुमाल हे निमित्त. सभ्यतेपोटी किंवा वेळेपोटी ही जनावरं काढून टाकलेली रूपांतरं असतात, आणि मग समीक्षक लिहितात की ऑथेल्लो इतक्या चटकन फसतो हे पटत नाही. कसं पटेल?

आता ‘नटसम्राट’. हे जरा नाजूक आहे, कारण १९७० पासून आजवर या नाटकाची स्वगतं महाराष्ट्राच्या कानात बसलीत आणि डॉ. लागूंचा आवाजही. ‘कुणी घर देता का घर?’ हे वाक्य स्नेहसंमेलनात, स्वगत स्पर्धेत, मोबाइलवरच्या रीलमध्ये, कुठेही ऐकायला मिळतं. पद्धत ठरलेली. नजर वर, हात पसरलेले, आवाज खर्जातून टिपेला, शेवटी पॉज. टाळ्या. मला या सादरीकरणातलं सगळ्यात जास्त काय खटकत असेल तर समोर कुणीच नसतं. विनवणी आहे, पण जिला करायची ती व्यक्ती नाही.

तिथे शिरवाडकरांनी काय केलंय बघा. रस्त्यावर आलेला म्हातारा घर मागतोय. पण तो ‘मला’ म्हणत नाही, ‘एका तुफानाला’ म्हणतो. भीक मागताना भिकारी न होण्याची ही धडपड आहे: मी कोण आहे ते विसरू नका, मग द्या. आणि त्याच उपमेने मागणी अशक्य होऊन बसते. तुफानाला घर कोण देईल? ज्याला छप्पर आहे असा कुठला शहाणा माणूस तुफानाला आत घेईल? घर मागण्यासाठी वापरलेलं रूपकच घर नाकारण्याचं कारण पुरवतं. शेक्सपिअरचा राजा लिअर निदान वादळाला हुकूम सोडतो. आमचा गणपतराव स्वतःच वादळ म्हणवून घेतो आणि मग दारं ठोठावतो. आयुष्यभर भूमिकांच्या भाषेत बोलल्याने त्याला साधं मागता येत नाही, आणि मुलांच्या घरातही त्याचं हेच होत आलंय. हे सगळं त्या एका शब्दाच्या निवडीत आहे. ते दिसायला मात्र समोर कुणीतरी ऐकणारं, ऐकून पुढे निघून जाणारं असावं लागतं. छताकडे बघून म्हटलं की ती सुंदर कविता होते आणि नाटक संपतं.

माझ्या मताला एक जोरदार हरकत आहे आणि तिचं नाव राम गणेश गडकरी. गडकऱ्यांची प्रत्येक उपमा ही कृती असते असं मी म्हणालो तर मला पुण्यात कुणी उभं करणार नाही. त्यांच्या गद्यात कल्पनेवर कल्पना चढते. पात्र कुठलंही असो, बोलतात गडकरीच, हा आक्षेप जुना आहे आणि पुष्कळसा खरा आहे. ‘एकच प्याला’त तळीरामाच्या मंडळींच्या कोट्या निम्म्या केल्या तरी नाटकाचं काही बिघडत नाही, माझ्या मते सुधारतंच. तिथे पेन्सिल जरूर चालवा. समोरच्यावर ज्याचा काही परिणाम व्हावा अशी अपेक्षाच नाही, फक्त पिटातून दाद हवीय, असा अलंकार गेला तरी चालेल.

पण त्याच नाटकात रामलाल दारू सोड म्हणून विनवतो तेव्हा सुधाकर दारूच्या अवस्थांवर लांबच लांब, दृष्टान्तांनी भरलेलं बोलतो. हे भाषण पहिल्या झटक्यात छाटलं जातं, कारण ‘हे सगळं कळलं, पुढे चला’. माझ्या वाचनात ते लांब असण्याचं कारण सुधाकर आहे, गडकरी नाहीत. तो वकील आहे. स्वतःच्या ऱ्हासाचं इतकं देखणं, इतकं बिनतोड वर्णन जो करू शकतो त्याला थांबायची गरजच पडत नाही; वर्णन हेच त्याचं उत्तर. मित्र ‘सोड’ म्हणतो आणि हा ‘का सोडता येत नाही’ याची बाजू मांडतो, आणि खटला जिंकतो. रामलाल निरुत्तर होतो, सुधाकर प्याला भरतो. ज्यांच्या घरात व्यसनी माणूस आहे त्यांना हे बोलणं ओळखीचं वाटेल. तो लांबचा लांब युक्तिवाद सहन करायला लावणं हे त्या प्रवेशाचं कामच आहे. त्याच्या बायकोची, सिंधूची भाषा त्याच नाटकात बहुतांशी साधी आहे याकडेही लक्ष द्यावं. तिच्यापाशी टाळण्यासारखं काही नाही.

हा वाद नुसता तालमीपुरता आणि परीक्षेपुरता राहिला असता तर मी एवढं लिहिलंही नसतं. जानेवारी २०१७ मध्ये जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा रातोरात उखडून मुठेत फेकला गेला. कारण दिलं गेलं त्यांच्या ‘राजसंन्यास’चं, १९१९ मध्ये ते वारले तेव्हा अपुरंच राहिलेलं शोकनाट्य. त्यातलं संभाजीराजांचं चित्र ज्यांना अन्यायाचं वाटतं त्यांचा एक आक्षेप पूर्णपणे रास्त आहे. वा. सी. बेंद्रे यांनी लिहिलेलं संभाजीराजांचं चरित्र १९६० मध्ये आलं, त्यानंतर कमल गोखले यांचं संशोधन आलं, आणि गडकऱ्यांनी ज्या जुन्या बखरींच्या चित्रावर विसंबून लिहिलं ते चित्र टिकलं नाही. यावर लेख लिहा, व्याख्यानं द्या, नाटकाला प्रतिनाटकाने उत्तर द्या. पण त्या वादात ओळी कशा उद्धृत झाल्या? एखाद्या पात्राच्या तोंडचं वाक्य, तेही ज्याची टवाळी व्हावी म्हणून उभं केलेल्या पात्राचं, सुटं काढून खाली सही केली गडकऱ्यांची. ‘अलंकार ओळखा’साठी ओळ जशी सुटी छापली जाते, तशीच. कोण, कुणाला, कशासाठी हे विचारायची सवय शाळेत लावलेली नसेल तर ती चौकात कुठून येणार?

गमतीची गोष्ट म्हणजे इंग्रज सरकारला ही सवय होती. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. महाभारतातली गोष्ट, सरकारविरुद्ध अवाक्षर नाही. पण कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे भारतमाता, युधिष्ठिर मवाळ आणि भीम जहाल, हे पिटातल्या प्रेक्षकाला समजत होतं आणि सरकारलाही समजलं. १९१० मध्ये बंदी आली. बंदी अर्थातच निषेधार्ह. वाचन मात्र अचूक होतं. त्यांनी संहितेत काय लिहिलंय एवढ्यावर न थांबता ते कुणासमोर, कोणत्या वर्षी बोललं जातंय आणि ऐकून लोक काय करतील हे पाहिलं. दडपण्यासाठी का होईना, त्यांनी रूपकाला कृती मानलं. आम्ही ज्या नाटकांवर प्रेम करतो त्यांना तेवढाही मान देत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आणि व्यवहारातली आहे. बारावीच्या किंवा बी.ए.च्या प्रश्नपत्रिकेत नाटकातली ओळ द्यायची तर आधीच्या चार आणि नंतरच्या चार ओळींसकट द्या, आणि अलंकाराच्या नावाला एक गुण ठेवून उरलेले यासाठी ठेवा: बोलणाऱ्याला काय हवं होतं, ते मिळालं का, नाही तर उपमा कुठे फसली. तपासणं अवघड जाईल, एकच एक उत्तर नसेल, हे मान्य. नाटकाच्या पेपरात एकच एक उत्तर असावं हा हट्ट कशाला? स्वगत स्पर्धांनी तर नियमच करावा की ज्याला उद्देशून बोलणं आहे तो दुसरा नट रंगमंचावर हवा, त्याला एकही वाक्य नसलं तरी. आणि तालमीत पेन्सिल उचलण्याआधी ती उपमा काढून प्रवेश एकदा चालवून बघा. समोरच्या पात्राची पुढची प्रतिक्रिया तशीच्या तशी शक्य असेल, तर खुशाल काढा. प्रतिक्रिया अधांतरी लटकली, तर ती ओळ जागेवर ठेवा आणि दहा मिनिटं दुसरीकडून वाचवा. दोन अंकांमधली गाणी तशीही बऱ्याचदा लांबतात.